मध्यरात्रीपर्यंत वैध

शनिवार आणि रविवारच्या मधल्या रात्री १२ वाजून २९ मिनिटांनी, पुण्यात नवले पुलाच्या अलीकडच्या उतारावर, पांढऱ्या रंगाची एक मोटार दुचाकीवर आदळली. मोटार चालवणाऱ्याची नव्हती. मित्राकडून एका दिवसापुरती मागून आणलेली होती. तिचा विमा रात्री १२ वाजता संपला होता.

या घटनाक्रमातली माणसं काल्पनिक आहेत. बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं ते एका दिवसात आणून मांडलं आहे. रस्ता, टोलनाके, कलमं, विम्याचे नियम आणि न्यायालयांचे निवाडे मात्र खरे आहेत.

शनिवार, सकाळी ९.१०

कोथरूडमधल्या गाडीमालकाच्या मोबाइलवर विमा कंपनीचा मेसेज येतो. आपल्या वाहनाची पॉलिसी आज मध्यरात्री संपत आहे. हा चौथा मेसेज. पहिला महिन्यापूर्वी आला होता, मग पंधरा दिवस आधी, मग आठवडाभर आधी.

तो मेसेज वाचतो. वाचून बाजूला ठेवतो, कारण त्याला एक गोष्ट पक्की माहीत आहे: पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवस मिळतात.

नव्वद दिवस मिळतात, हे खरं आहे. पण ते नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी मिळतात. एकही दावा न करता पाच वर्षं गेली की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नवी घेतली तर ती सूट बुडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या ९० दिवसांत गाडीला विम्याचं संरक्षण नसतं. एक दिवसही नाही. आयुर्विम्याच्या हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, आरोग्य विम्याच्या नूतनीकरणालाही असतात. मोटारीलाही तसेच असतील, असं धरून चालणाऱ्यांत चांगले शिकले-सवरलेले लोक असतात. आपला गाडीमालक त्यातलाच.

सकाळी ११.२५

मित्राचा फोन. त्याची स्वतःची गाडी क्लचच्या कामासाठी गॅरेजला आहे. आईला साताऱ्याला मावशीकडे सोडायचं आहे. गुडघ्यांमुळे तिला एसटीत चढवत नाही.

"आठपर्यंत गाडी दारात लावतो."

"अरे, विचारतोस काय? ये आणि किल्ली घेऊन जा."

कॉल दोन मिनिटांच्या आत संपतो. कॉलेजपासूनची, पंचवीस वर्षांची मैत्री आहे. यापेक्षा जास्त बोलावं लागलं असतं तर दोघांनाही ते विचित्र वाटलं असतं.

दुपारी १.०५

विमा एजंटचा फोन. गाडीमालक जेवायला बसला आहे.

"साहेब, आजच करून टाका. उद्या रविवार आहे."

"सोमवारी बघू. एवढी काय घाई?"

एजंट १.०९ ला पैसे भरण्याची लिंक पाठवतो. ती उघडली जात नाही.

१००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर केंद्र सरकारने जून २०२२ पासून वर्षाला ३,४१६ रुपये ठरवला. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४,०३१ रुपये.

दुपारी २.४०

सोसायटीचं पार्किंग. इथे सगळं मिळून आठ मिनिटं जातात. पुढे जे होणार आहे त्यातलं जवळजवळ सगळं याच आठ मिनिटांत दिसण्यासारखं होतं.

पुढचं डावं टायर झिजलेलं आहे. गाडीमालकाला ते ठाऊक आहे. दिवाळीनंतर दोन्ही पुढची बदलायची असं ठरलेलं आहे. मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की ते टायर रस्त्यावर आणायचं नाही, असा नियम आहे. खाचेतच एक छोटा उंचवटा असतो. टायरचा पृष्ठभाग झिजून त्याच्या पातळीला आला की वेळ झाली. इथे तो आला आहे. गाडीमालक मित्राला म्हणतो, "हवा तेवढी चेक करून घे." मित्र मान हलवतो.

मित्र विचारतो, "कागदपत्रं?"

"डॅशबोर्डच्या कप्प्यात सगळं आहे."

कप्प्यात प्लास्टिकचं पाकीट आहे. त्यात आरसी बुकाची झेरॉक्स, पीयूसी आणि विम्याचा चार घड्यांचा कागद. घड्यांवरची शाई उडालेली. मित्र पाकीट बाहेर काढतो, आतला कागद बोटांनी चाचपतो आणि पुन्हा ठेवून देतो. तो कागद दोन वर्षांपूर्वीच्या पॉलिसीचा आहे. उघडला असता तर मुदत संपल्याची तारीख वरच्याच चौकटीत दिसली असती. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तरी विमा कधीपर्यंत वैध आहे ते दिसतं. मिनिटभराचं काम आहे.

लायसन्सचा विषय निघत नाही. पंचवीस वर्षांच्या मित्राला लायसन्स दाखव म्हणणं आपल्याकडे अपमानात जमा होतं. वास्तविक कलम १८० नुसार, लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे तो प्रश्न नव्हता. मित्राचं लायसन्स वैध होतं. तो दारू पीत नाही. गाडी सांभाळून चालवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अपघात म्हटला की आपण आधी माणसाचं चारित्र्य तपासायला घेतो.

मित्राला गाडी दिली म्हणून विमा बाद होतो, हाही एक गैरसमज. पॉलिसीच्या अटींमध्ये वैध लायसन्स असलेल्या आणि मालकाच्या संमतीने चालवणाऱ्या कोणालाही संरक्षण असतं. मात्र पैसे घेऊन गाडी दिली, म्हणजे भाड्याने दिली, तर खासगी गाडीची पॉलिसी लागू होत नाही. गाडीमालकाने मित्राकडून पैसे घेतले नव्हते. "टाकी फुल करून देतो," एवढंच मित्र म्हणाला होता.

२.४८ ला गाडी गेटबाहेर पडते. विमा संपायला नऊ तास बारा मिनिटं.

दुपारी ३.४६

खेड शिवापूर टोलनाका. फास्टॅग मालकाच्या खात्याला जोडलेला असल्यामुळे टोल कापल्याचा मेसेज कोथरूडला येतो. या दिवसाचा उरलेला प्रवास गाडीमालकाला टोलच्या मेसेजमधून दिसत राहणार आहे.

संध्याकाळी ५.०२

आनेवाडी टोलनाका. सातारा जवळ आलं.

संध्याकाळी ६.०५

तासवडे टोलनाका.

तासवडे साताऱ्याच्या पुढे आहे, कराडच्या अलीकडे. गाडीमालक मेसेज दोनदा वाचतो. मित्र साताऱ्याला जातो म्हणाला होता. झालं असं होतं की मावशी कराडला मुलीकडे गेली होती. मित्राला ते साताऱ्यात शिरता शिरता कळलं. आई म्हणाली, तिथेच सोड. फोन करून कळवावं असं त्याच्या मनात आलं, पण गाडी चालवत होता. मग राहिलं.

सातारा ते कराड सुमारे ५० किलोमीटर. जाऊन-येऊन १००. आठ वाजता परत येणं आता शक्य नव्हतं.

गाडीमालकही फोन करत नाही. "पंचवीस वर्षांची मैत्री, आणि मी काय त्याच्यावर पाळत ठेवतो का?" असं तो पुढे बायकोला म्हणणार होता.

संध्याकाळी ६.०८

फास्टॅगच्या खात्यात पैसे कमी असल्याचा मेसेज. परतीच्या वाटेवर नाक्यावर अडकायला नको म्हणून गाडीमालक लगेच ५०० रुपये भरतो. यूपीआय, पिन, झालं. पैसे भरल्याची पावती मेसेजच्या यादीत सगळ्यात वर येते. तिच्या खाली बॅलन्स कमी असल्याचा मेसेज, त्याखाली टोलचे तीन, मग बँकेची एक जाहिरात, आणि तिच्या खाली सकाळी ९.१० चा विमा कंपनीचा मेसेज. अंगठा जरा खाली सरकवला असता तरी तो दिसला असता.

रात्री ९.१०

कराड. मित्र निघायला उठतो. मावसबहीण म्हणते, जेवल्याशिवाय सोडणार नाही. भाकरी टाकल्याच आहेत. मावसबहिणीचा मुलगा पुण्यात हॉस्टेलला राहतो, वय १९. मामाबरोबरच जातो म्हणून तो बॅग भरायला घेतो. जेवण आणि बॅग मिळून ३८ मिनिटं जातात.

रात्री ९.४०

कोथरूड. बायको विचारते, "गाडीच्या इन्शुरन्सचं झालं का? मलाही मेल आलाय."

"नव्वद दिवस असतात गं."

"आणि गाडी बाहेर आहे ना?"

"येईलच आता तो."

दिवसभरात नेमका प्रश्न विचारणारी ती एकटीच. अजून दोन तास वीस मिनिटं शिल्लक आहेत. पॉलिसीची मुदत चालू असताना ऑनलाइन नूतनीकरण केलं तर गाडीची तपासणी लागत नाही. जुन्या पॉलिसीचा नंबर टाकायचा, पैसे भरायचे. नवी पॉलिसी जुनी संपते त्या क्षणापासून लागू.

रात्री ९.४८

गाडी कराडहून निघते.

रात्री १०.०६

तासवडे. मेसेज येतो. निघाला, असं म्हणून गाडीमालक फोन सायलेंट करतो आणि चार्जिंगला लावतो.

रात्री १०.५४

आनेवाडी. परतीचा पाऊस सुरू झाला आहे. जोर नाही, पण रस्ता ओला.

रात्री ११.३१

शिरवळ. भाच्याला चहा हवा आहे. मित्रालाही डोळ्यांवर जरा पाणी मारायचं आहे. थांबणं शहाणपणाचंच होतं. दोन चहा, एक बिस्किटचा पुडा, १७ मिनिटं.

कराडचं जेवण आणि शिरवळचा चहा यांची बेरीज ५५ मिनिटं होते. तेवढी वजा केली तर गाडी नवले पुलाच्या उतारावर ११.३४ ला पोहोचली असती. या हिशेबात शिरण्याचा मोह पुढे सगळ्यांनाच होतो. त्याला अर्थ नाही. ११.३४ ला उतारावर दुसरीच वाहनं असती.

रात्री ११.४८

गाडी शिरवळहून निघते.

रात्री १२.००

कापूरहोळच्या आसपास, ताशी साधारण ६० किलोमीटर वेगाने जात असताना पॉलिसी संपते. गाडीत कोणाला काही जाणवण्याचं कारण नाही. भाचा झोपला आहे.

या क्षणापासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ चा भंग सुरू झाला. थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची नाही आणि वापरू द्यायचीही नाही, असं ते कलम सांगतं. शिक्षा कलम १९६ मध्ये आहे: पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चालवणाऱ्यालाही आणि चालवू देणाऱ्यालाही.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला सुरुवातीलाच तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. ही गाडी सात वर्षांची. तिची ती तीन वर्षं केव्हाच संपली होती.

रात्री १२.११

खेड शिवापूर टोलनाका. फास्टॅगचा दिवा हिरवा होतो, दांडा वर जातो. नाक्यावरची यंत्रणा टोलचे पैसे तपासते. ते संध्याकाळी भरलेले होते.

रात्री १२.२३

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून गाडी पुण्याच्या बाजूला येते. इथून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. पुणेकराला या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. डिझेल वाचवण्यासाठी जड वाहनं इथे न्यूट्रलवर सोडली जातात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका जड वाहनाने सुरू झालेल्या साखळी अपघातात सुमारे ४८ वाहनं सापडली होती. त्यानंतर फलक लागले, रम्बलर पट्ट्या आल्या, वेगमर्यादा खाली आल्या. उतार आहे तिथेच आहे.

रात्री १२.२९

पुढच्या कंटेनरचे ब्रेक-दिवे लागतात. मित्र ब्रेक दाबतो. ओल्या रस्त्यावर पुढचं डावं चाक पकड सोडतं आणि गाडी डावीकडे ओढली जाते. डाव्या कडेने ३३ वर्षांचा एक दुचाकीस्वार चालला आहे. हेल्मेट आहे.

मोटारीच्या दोन्ही एअरबॅग उघडतात. मित्राला आणि भाच्याला खरचटण्यापलीकडे काही होत नाही.

रात्री १२.३१

मित्र पहिला फोन गाडीमालकाला लावतो.

अपघातात पहिला फोन १०८ ला किंवा ११२ ला करायचा, हे त्याला सांगता आलं असतं. कलम १३४ चालकावर दोन जबाबदाऱ्या टाकतं: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं. पण गाडी दुसऱ्याची असली की आधी मालक आठवतो. फोन सायलेंटवर आहे. मित्र पुन्हा लावतो.

रात्री १२.३२

१०८ ला फोन भाचा करतो. त्याला जागा नीट सांगता येत नाही. रस्त्यावर थांबलेला एक रिक्षावाला फोन हातात घेऊन सांगतो.

रात्री १२.४४

पाचव्या प्रयत्नाला गाडीमालक फोन उचलतो. बायकोने उठवलेलं असतं.

"गाडीचं झालंय रे थोडं…"

"तू बरा आहेस ना? मग राहू दे. गाडीचं काय, इन्शुरन्स आहे."

रात्री १२.५१

रुग्णवाहिका जखमीला घेऊन जाते.

रात्री १.२०

पोलीस आले आहेत. मित्राचा मेसेज: इन्शुरन्सचा फोटो पाठव.

रात्री १.२६

गाडीमालक मेलमध्ये पॉलिसीची पीडीएफ शोधून काढतो. पहिल्या पानावर विम्याचा कालावधी छापलेला आहे. शेवटच्या तारखेपुढे 'मध्यरात्रीपर्यंत' असं आहे. तो मोबाइलवर आजची तारीख बघतो. मग १.०९ चा मेसेज शोधतो.

रात्री १.४१

लिंक चालू आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आता तपासणीशिवाय मिळणार नाही, असं स्क्रीनवर येतं. थर्ड पार्टी मात्र आत्ता, याच मिनिटाला मिळतो. अंगठा बटणावर आहे. मित्राचाही तोच मेसेज येऊन पडला आहे: आत्ता काढून टाक ना, तारीख तर आजचीच येईल.

हा विचार त्यांना पहिल्यांदा सुचलेला नाही. अपघाताच्या दिवशीच काढलेली पॉलिसी त्या दिवसाच्या सुरुवातीपासून लागू धरायची का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं झाली आहेत. १९९० च्या एका निवाड्यात न्यायालयाने ती मध्यरात्रीपासून लागू धरली. मग कंपन्या पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापू लागल्या, आणि १९९७ साली न्यायालयाने स्पष्ट केलं की वेळ लिहिलेली असेल तर पॉलिसी त्या वेळेपासूनच लागू. हल्लीच्या पॉलिसीवर तास आणि मिनिट असतं. शिवाय अपघात झाल्याचं लपवून विमा काढणं ही फसवणूक ठरते ती वेगळी.

गाडीमालक ॲप बंद करतो. १.४८ ला मित्राला फोन करून सांगतो.

मित्राला आधी ते कळतच नाही.

पहाटे ४.५०

दुचाकीस्वाराचा मृत्यू होतो.

रविवार, सकाळी १०.१५

पोलीस ठाणे. मित्रावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) आणि २८१ खाली गुन्हा नोंदवला जातो. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरण्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडीमालकाला कलम १३३ खाली लेखी द्यावं लागतं: गाडी कोण चालवत होतं, कोणाच्या परवानगीने. तो खरं ते लिहितो. परवानगी त्याचीच होती.

ठाण्याच्या आवारात गाडी उभी आहे. बंपर, बॉनेट, रेडिएटर, डावा हेडलॅम्प, डावं मडगार्ड, पुढची काच, दोन एअरबॅग. मित्र म्हणतो, "गाडीचा सगळा खर्च माझा." त्या क्षणी दोघांनाही वाटतं की मुद्दा गाडीच्या खर्चाचा आहे.

सोमवार

एजंट येतो. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी कागद समोर मांडून समजावून सांगतं. आधी गाडीचं नुकसान.

विमा असता तरीही सगळं भरून मिळालं नसतं. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. काचेवर कापत नाहीत. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. 'झिरो डेप' नावाचं जोड-संरक्षण घेतलेलं असेल तर घसारा कापत नाहीत. ते या पॉलिसीत कधीच नव्हतं. नुकसान ५० हजारांच्या वर असलं की कंपनीला परवानाधारक सर्वेक्षक पाठवावा लागतो, आणि तो येईपर्यंत गाडी खोलायची नाही. दावा मंजूर झाला असता तर जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस गेला असता. तो गाडीमालकाचा गेला असता, मित्राचा नाही. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही मित्राला गाडी देण्याची ही किंमत असते, आणि ती सहसा आधी बोलली जात नाही. गाडीला पोच आला तर दावा करायचा की मित्राने गॅरेजचं बिल भरायचं? घसाऱ्याची रक्कम कोणी सोसायची? पुढच्या वर्षी वाढणारा हप्ता कोणी भरायचा? या तीन प्रश्नांवर किती मैत्र्या गॅरेजच्या दारात संपल्या असतील, मोजदाद नाही.

आणखी एक गोष्ट एजंट सांगतो. पॉलिसीबरोबर येणारा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. मागून आणलेली गाडी चालवणाऱ्या मित्राला तो लागू नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. कर्नाटकात एका माणसाने दुसऱ्याची मोटारसायकल मागून नेली, पुढे चाललेल्या बैलगाडीवर आदळून तो गेला. त्याच्या घरच्यांनी कलम १६३अ खाली मागितलेली भरपाई न्यायालयाने नाकारली. जो गाडी मागून नेतो तो मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःकडूनच भरपाई मागू शकत नाही, असं त्यामागचं तर्कशास्त्र.

मित्र तिथेच बसून हे ऐकतो.

मंगळवार ते पुढचा सोमवार

आरटीओचा निरीक्षक गाडी तपासतो. ब्रेक ठीक. अहवालात पुढच्या डाव्या टायरची नोंद होते.

मित्र ५०,००० रुपये यूपीआयने पाठवतो. सोबत संदेश नाही. चार दिवसांनी संदेश येतो: विमा भरायचं काम माझं नव्हतं. उत्तर जातं: गाडी मी चालवत नव्हतो. साताऱ्याला जातो म्हणाला होतास. दोघंही खरं तेच लिहीत आहेत.

कायद्याला यातला कोणताही मुद्दा विशेष महत्त्वाचा नाही. चालकाने निष्काळजीपणा केला आणि मालकाने परवानगी दिली, म्हणून दोघंही संयुक्तपणे आणि वेगवेगळेही जबाबदार. मृताच्या कुटुंबाने पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करावी. आपसातला वाटा दोघांनी नंतर भांडून ठरवावा.

तिसरा महिना

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज दाखल होतो. अर्जदार चार: पत्नी, दोन मुलं, आई.

हिशेबाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निवाड्यांत घालून दिली आहे, त्यामुळे आकडा वकिलाला बोटांवर काढता येतो. महिन्याचं उत्पन्न २५,००० रुपये, वर्षाचं ३ लाख. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायमची नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ४ लाख २० हजार. अवलंबून असलेले चार जण, म्हणून मृताच्या स्वतःवरच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा: ३ लाख १५ हजार. वय ३१ ते ३५ मधलं असेल तर गुणक १६. एकूण ५० लाख ४० हजार रुपये. अंत्यसंस्कार, वारसा आणि सहवासाचे ठरावीक आकडे वेगळे, व्याज वेगळं.

विमा चालू असता तर ही सगळी रक्कम कंपनीने दिली असती. मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत खासगी गाडीच्या थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादा नाही.

गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सर्व राज्यांना सांगितलं की विमा नसलेल्या वाहनाने कोणी दगावलं किंवा जखमी झालं तर भरपाईपोटी पुरेसं तारण दिल्याशिवाय ते वाहन मालकाला सोडू नये. तारण आलं नाही तर तीन महिन्यांनी त्याचा लिलाव व्हावा आणि पैसे न्यायाधिकरणात जमा व्हावेत. गाडीमालकाने तारण दिलेलं नाही. तेवढ्या किमतीचं त्याच्या नावावर राहत्या फ्लॅटखेरीज काही नाही, आणि फ्लॅटवर कर्ज आहे.

सात वर्षांच्या, समोरून चेपलेल्या गाडीचे लिलावात जे येतील ते ५० लाख ४० हजारांतून वजा होतील. उरलेल्या रकमेसाठी कलम १७४ आहे. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे प्रमाणपत्र देतं, आणि ती रक्कम मालकाकडून आणि चालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल केली जाते.